नानांनी पाच माणसांना विचारलं

आमच्या नानांनी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही, आणि माझं जे झालं तेही माझं चांगलं करायला जाऊनच झालं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी त्यांना बोल लावायला नको. बोल लावायचा तर मी लावीन. तो माझा हक्क आहे आणि तो मी भरपूर वापरलेला आहे.

नाना म्हणजे निंबा पाटील, माझे वडील. चोपडा तालुक्यात तापीकाठी आमचं गाव, गावाला लागून आमची केळी. मी कोकिळा, त्यांची थोरली. त्र्याण्णव साल संपत आलं होतं आणि मी जळगावला मुलींच्या वसतिगृहात राहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय वनस्पतिशास्त्र. गावाच्या हिशेबात ही पंधरावी. पंधरावीपर्यंत पोचलेली गावातली पहिली मुलगी मीच. गावाला त्याचं कौतुक होतं आणि तेवढीच धास्तीही होती. सुट्टीत घरी गेले की बाया माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी झाडाच्या शेंड्यावर चढलेय आणि आता मला उतरवायचं कुणी, हा प्रश्न आहे.

आमच्या चौधरी सरांनी त्या वर्षी पालक मेळावा भरवला. सगळी सुरुवात तिथून झाली. लीलाधर चौधरी, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. बाकीचे प्राध्यापक त्यांना हसले. कॉलेजच्या पोरांचे आईबाप कशाला बोलवायचे, ही काय बालवाडी आहे का, म्हणाले. सर ऐकणारे नव्हते. त्यांनी प्रत्येकाच्या गावी कार्ड टाकलं.

कार्ड मिळाल्यावर निम्म्या पालकांना वाटलं, पोरानं काहीतरी उद्योग करून ठेवला. पारोळ्याकडच्या एका बापानं तर बसस्टँडवर उतरताच मुलाच्या कानाखाली वाजवली, चौकशी मागाहून. हॉलमध्ये सगळे आरोपीसारखे बसले होते. नाना मात्र पहिल्या रांगेत, धुवट धोतर, इस्त्रीची टोपी, मांडीवर हात ठेवून, कीर्तनाला बसावं तसे.

सर बोलले छान. आजही मला त्यात एक शब्द चुकीचा सापडत नाही, हेच तर वाईट आहे. ते म्हणाले, "पालकांनो, फी भरली आणि घरून डबा पाठवला की आपलं काम संपलं, असं समजू नका. मुलगा-मुलगी पुढे काय करणार आहे, ते कॉलेजच्या वर्षांतच ठरत असतं. त्यात लक्ष घाला. मुलांशी बोला. आणि आपल्याला कळत नसेल तर लाजू नका. जाणत्या माणसांना विचारा. एकट्यानं ठरवू नका."

नानांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. सगळा हॉल वळून बघायला लागला, मी खाली बघायला लागले.

"सर, जाणत्या मानसांना इचारायचं, हे पक्कं ना?"

"अगदी पक्कं," सर म्हणाले. एक तरी बाप ऐकतोय, या आनंदात होते बिचारे.

मेळावा संपल्यावर सर आम्हाला प्रयोगशाळेत घेऊन गेले. त्यांनी पुण्याहून एक काचेची बाटली आणली होती. तळाशी खिरीसारखं काहीतरी आणि त्यावर हिरवा, बोटाएवढा केळीचा कोंब. टिश्यू कल्चरची चर्चा तेव्हा आमच्या भागात नुकतीच कुठे सुरू झाली होती. नानांनी बाटली दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे नेली. जन्मभर केळीचे कंद खणलेला माणूस तो. त्यांना काही ते पटेना.

"माती नही, कंद नही," ते मला हळूच म्हणाले. "जगस कसं हाई?"

मी सांगितलं. एका कोंबापासून किती रोपं होतात, सगळी सारखी, रोग नसलेली, ते सांगितलं. सर बाजूला उभे राहून मला सांगू देत होते. मग ते म्हणाले, हिला पुण्याला एम.एस्सी. करू द्या, दोन वर्षांत ही स्वतः हे करेल, उद्या जळगावात अशा लॅबा निघणार आहेत, तेव्हा माणसं लागतील. नानांचा चेहरा असा झाला होता की मला एकदम रडूच यायला लागलं. माझ्या शिक्षणाचा आणि त्यांच्या वावराचा काही संबंध असेल, असं त्यांना त्या दिवसापर्यंत वाटलंच नव्हतं.

बसस्टँडवर चोपडा गाडीची वाट बघताना मी धीर केला. "नाना, माले पुनाले जानं शे."

"जाय ना मंग," नाना म्हणाले. "कोन नही म्हनस?"

असं. एवढं सोपं. मी कितीतरी रात्री घोकून ठेवलेली सगळी वाक्यं फुकट गेली. गाडी आली तर कंडक्टरला म्हणाले, मन्ही पोर बाटलीमा केळी लावनार शे. कंडक्टर म्हणाला, काबरं आबा, वावर कमी पडनं का? सगळी गाडी हसली आणि नानाही हसले. खिडकीतून मान बाहेर काढून मला म्हणाले, "पन सरनी सांगं ना, एकलानी ठरावू नका. ते बी करी लेसूत."

मी हात हलवला. करून घ्या, म्हटलं. मला काय माहीत?

पुढच्या आठवड्यात निरोप आला, रविवारी घरी ये, वावरात भरीत शे. थंडीचे दिवस, आमच्याकडे या दिवसांत वावरात भरताच्या पंगती उठतातच. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी आले तेव्हा विहिरीजवळ कापसाच्या पळाट्या पेटल्या होत्या, पांढरी-हिरवी वांगी जाळावर भाजत होती. माय आणि काकू चुलीपाशी कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरी थापत होत्या. मायनं मला बघितल्याबरोबर हातात हिरव्या मिरच्या दिल्या आणि म्हणाली, "तुन्ह्या बापनी पाच जन बलायात. तुन्हा पुनाना इचार करानं शे म्हने."

पाच जण म्हटल्यावर मी मिरच्या तशाच खाली ठेवल्या.

आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. आमच्या गावात पाच माणसांना विचारणं म्हणजे सल्ला घेणं नव्हे. बांध सरकला, भावाभावांचं वाटप अडलं, पाण्याच्या पाळीवरून तंटा झाला, की ज्याचं काम तो पाच जाणत्यांना बोलावतो, जेवू घालतो, हात जोडून आपलं म्हणणं मांडतो आणि शेवटी म्हणतो, पाच जन सांगतीन ते माले मान्य. मग पाच जण जे सांगतात ते त्यानं पाळायचं. विचारलं की पाळलं. कोर्टाची पायरी चढायची नाही म्हणून कधीतरी जुन्या लोकांनी लावलेली ही रीत, आणि रीत चांगलीच होती. पण सरांच्या "जाणत्या माणसांना विचारा" या वाक्याला नानांच्या डोक्यात जागा होती ती ही एवढीच. विचारायची दुसरी कुठली पद्धत त्यांना कुणी कधी दाखवलीच नव्हती.

घोंगडीवर पाच जण बसले होते. मधोमध तोताराम आप्पा, गावातला सगळ्यात वडीलधारा शब्द. त्यांच्या उजव्या हाताला पितांबर गुरुजी, ज्यांनी मला पहिलीत धुळाक्षरं शिकवली. हिलाल आबा, आमचे बांधकरी, वावराला वावर लागून. अभिमन भाऊ, वरणगावच्या फॅक्टरीत कामाला, सुट्टीवर आलेले, म्हणजे जग बघितलेले. आणि चोपड्याचे व्यापारी रतिलाल शेठ, आमची केळी तेच घ्यायचे. एकही माणूस माझा वाईट चिंतणारा नव्हता. मी हे आजवर कितीदा तपासून बघितलंय.

केळीच्या पानांवर मी वाढत होते. भरीत, भाकरी, कांदा. जेवण अर्ध्यावर आल्यावर नाना उभे राहिले.

"मन्ही कोकिळा आते पंधरावी व्हयी जाई. तिले पुनाले जाईसन दोन वरीस शिकानं शे. तिना सरनी सांगं, जान्ता लोकेसले इचारा. तुम्ही बठ्ठा जान्ता शेतस." नानांनी सगळ्यांकडे बघून हात जोडले. "पाच जन सांगतीन ते माले मान्य."

ते शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून सवयीनं निघालं. राम राम म्हणावं तसं. मी भरताचं भांडं घेऊन तिथंच उभी होते, आणि मला ओरडावंसं वाटलं, नाना, एवढं नका ना म्हणू. पण वाढणाऱ्या मुलीनं पाच माणसांत ओरडायचं नसतं. मी पितांबर गुरुजींना आणखी भरीत वाढलं.

आणि मग पाच जणांनी माझ्या आयुष्याचा मनापासून विचार केला.

गुरुजी म्हणाले, "बी.एड. करू दे. शाळेत लागली की जन्माची काळजी मिटली."

अभिमन भाऊंना ते पटलं नाही. "पुनाले ती ऱ्हाई कोठे? आनि शिकीसन येवानं तं आठे गावमाच शे ना? आठे कोठे शेतस त्या बाटल्या?"

रतिलाल शेठ एकटे माझ्या बाजूनं बोलले. "राहण्याची फिकीर करू नका. माझी बहेन पुण्याला आहे. मुलगी तिच्याकडे राहील, घरच्यासारखी." मी शेठना दोन भाकरी जास्त वाढल्या असतील.

हिलाल आबांनी बोटं चाटत विचारलं, "सतरावी शिकनी तं नवरा कितवीना आनशी, निंबा?"

यावर कुणी हसलं नाही. कारण प्रश्न खरा होता. आमच्या नात्यागोत्यात तेव्हा एवढा शिकलेला मुलगा कंदील घेऊन शोधला तरी मिळाला नसता. सगळे तोताराम आप्पांकडे बघायला लागले. आप्पांनी तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, उपरण्याला पुसले. मला म्हणाले, "बस, बेटा." मी बसले नाही.

"पोर हुशार शे," आप्पा म्हणाले. "तिनं शिकनं बंद पडाले नको. पन पहिले लगन. चांगलं सासर देखू, त्यास्ले सांगू, त्या शिकाडतीन. आम्हनं असं मत शे."

बाकीच्यांनी माना हलवल्या. रतिलाल शेठनीही हलवली, थोडी उशिरा.

"हा आप्पा," नाना म्हणाले.

बस, एवढंच. एवढ्यात झालं. मी नानांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, मग हळूहळू उमटायला लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. मग बायांची पंगत बसली. भरीत फार चांगलं झालं होतं म्हणे. मी माझं पान तसंच गुंडाळून ठेवलं.

घरी आल्यावर माय नानांवर तुटून पडली. मायला पुणं काय आणि एम.एस्सी. काय, दोन्हीतलं काही कळत नव्हतं, पण सरळ गोष्ट तिला सरळ दिसायची. "सर सांगी ऱ्हायना, पोरले जानं शे, तुम्ही बी हा म्हनेल. मंग इचारं काबरं?"

नाना ओट्यावर बसले होते. "माले वाटनं, त्या बी हाच म्हनतीन."

"मंग आते नही सांगा त्यास्ले," मी म्हटलं. "मन्हं ऐका नाना. जाईसन सांगा, मन्हं चुकनं."

 नानांनी जे सांगितलं ते ऐकून मायसुद्धा खाली बसली. मागल्या साली हिलाल आबांच्या वावरातून गाडीवाट काढण्याचा तंटा होता आणि पाचांत नाना बसले होते. हिलाल आबांना वाट द्यायची नव्हती. नानांनीच त्यांना सांगितलं होतं, पाचांनी सांगितलं ते ऐकावं लागतं, नाहीतर गाव कशाला म्हणायचं. हिलाल आबांनी उभी केळी तोडून वाट दिली आणि पुन्हा त्याबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. "तो माले भरीत खावाले उना, हसीसन बोलना," नाना म्हणाले. "आते मी कसा फिरू? तू सांग."

मी काय सांगू? मी वीस वर्षांची होते आणि मला राग आला होता. मी म्हटलं, त्याची केळी होती, मी काय तुमची केळी आहे का?  नानांचे डोळे भरले आणि ते उठून गोठ्यात गेले. आजही ते आठवलं की मला माझा राग बरोबर वाटतो, आणि त्यांचे डोळेही बरोबर वाटतात.

जळगावला परत आल्यावर मी सगळं सरांना सांगितलं. सर डोक्याला हात लावून बसले. पुढच्या रविवारी ते स्वतः आमच्या गावी आले, माझ्याबरोबर, एस.टी.च्या धुळीत न्हाऊन. तोताराम आप्पांच्या ओट्यावर पुन्हा बैठक बसली. सरांनी सगळं समजावलं. मुलीचे मार्क, पुण्याचं शिक्षण, जळगावात येणारं काम, बदलता काळ. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. आमच्या माणसांची ही एक पंचाईत असते. ती इतकी नीट ऐकून घेतात की आपल्याला वाटतं, पटलं.

मग आप्पांनी विचारलं, "सर, तुमले पोर शे का?"

"आहे. एक मुलगी."

"काय शिकस ती?"

सरांनी चष्मा काढून पुसला. ते खोटं बोलू शकले असते. भडगावला त्यांचं घर, इथून कोण जाणार होतं बघायला? पण ते खोटं बोलणारे नव्हते.

"तिचं लग्न झालं," सर म्हणाले. "बारावीनंतर. माझे वडील फार आजारी होते. नातीचं लग्न डोळ्यांनी बघायचं, एवढाच हट्ट होता. मला नाही म्हणता आलं नाही."

 आप्पांनी टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त सरांपुढची चहाची बशी पुढे सरकवली आणि म्हणाले, "ल्या सर, थंडा व्हयी ऱ्हायना."

फाट्यावर गाडीची वाट बघताना सर म्हणाले, "मेळाव्यात मी चुकीचं काय सांगितलं, तेच शोधतोय मी. कुणाला विचारू नका, असं सांगायचं का पुढच्या वर्षी? तेही कसं सांगणार?"  गाडी आली तेव्हा ते पायरीवर चढून म्हणाले, "तुझा पुण्याचा फॉर्म मी भरून ठेवतो. असू दे."

"कशाला सर?"

"असू दे," ते पुन्हा म्हणाले. दुसरं त्यांच्या हातात काय होतं?

आप्पा शब्दाचे पक्के. त्यांनी खरंच चांगलं सासर शोधलं. धुळ्याचं घर, मुलगा बी.कॉम., जिल्हा परिषदेत नोकरीला, निर्व्यसनी. माझे सासरे हायस्कुलातून निवृत्त झालेले मास्तर. बोलणीच्या वेळी आप्पांनी पहिला शब्द टाकला तो माझ्या शिक्षणाचा. सासरे म्हणाले, "शिकू दे की, आमची कुठे ना आहे?" आप्पांनी नानांकडे बघितलं, बघ, सांगितलं होतं ना. नानांच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी थोडं हसू आलं.

परीक्षा झाली. मला पहिला वर्ग मिळाला. मे महिन्यात लग्न झालं आणि मी धुळ्याला आले.

सासरी मला कुणी छळलं नाही. छळलं असतं तर भांडता आलं असतं. सासूबाई मला पहिल्या दिवसापासून गरम भाकरी वाढायच्या. नवरा संध्याकाळी गजरा आणायचा. शिक्षणाचं विचारलं की सगळे म्हणायचे, शिक की, पण यंदा नको. यंदा धाकट्या दिराचं लग्न आहे. यंदा घराला रंग द्यायचाय. यंदा तू नवीन आहेस, लोक काय म्हणतील? कुणीच नाही म्हणत नव्हतं. नाही न म्हणणाऱ्या माणसांशी कसं भांडतात, हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं.

जुलैत एका सकाळी नाना आले. अंगणात उभे, हातात केळीची फणी, पायावर चिखल. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. सासूबाईंनी रीत म्हणून तांब्या पुढे केला, नानांनी रीत म्हणून हात जोडले. इतक्या लांबून आलेले, ओठ सुकलेले, आणि मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी.

मागच्या दारी त्यांनी मला हळूच सांगितलं. "सरना निरोप उना. तुन्हा नंबर लागना पुनाले."

काय सांगू, पहिल्यांदा मला नुसता आनंद झाला. मागचंपुढचं काही नाही, नुसता आनंद. मी उडी मारायची तेवढी बाकी होती. आणि नानासुद्धा हसले. क्षणभर आम्ही दोघं मागच्या दारी लहान पोरांसारखे हसत उभे होतो.

"मंग?" मी म्हटलं.

"ह्याच आठवडामा जानं पडी म्हने. रतिलाल शेठनी बहिन ठेवी लेई. मी इचारेल शे शेठले." नानांनी टोपी नीट केली. "मी व्याहीसंगे बोलसू."

मला कळलं, हे त्यांना किती जड आहे. मुलीच्या बापानं मुलीच्या सासरी मागायचं नसतं, नुसतं द्यायचं असतं. लग्नात नानांनी व्याह्यांपुढे कशासाठी तोंड उघडलं नव्हतं. पण ते म्हणाले बोलसू, आणि पुढच्या खोलीत जाऊन खाटेच्या कडेवर बसले.

पाऊसपाण्याचं झालं. केळीच्या भावाचं झालं. माझा नवरा पेपर वाचत होता, सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या, मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. सासऱ्यांनी जांभई दिली. तेव्हा नानांनी टोपी काढली. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. देवापुढे सोडून मी त्यांना कधी उघड्या डोक्यानं बघितलं नव्हतं. वर टक्कल पडलेलं होतं, मला माहीतही नव्हतं. त्यांचे हात एकमेकांकडे जायला लागले.

"व्याही," नाना म्हणाले, "एक मागनं शे."

सासऱ्यांनी वर बघितलं. नवऱ्यानं पेपर खाली केला. मला पुढचं सगळं आधीच ऐकू आलं. सासरे म्हणणार, पुढच्या वर्षी बघू. गोड बोलून म्हणणार. आणि नाना जोडलेले हात तसेच घेऊन, तहानलेले, चोपडा गाडीत बसणार. मला ते बघवेना.

"नाना," मी म्हटलं, "ते पुन्याचं असंल तर राहू द्या. मीच नको म्हणतेय. माझं मन नाही राहिलं आता तिकडे."

नाना माझ्याकडे बघायला लागले. "खरं का?"

"खरं. मी सरांना सांगनारच होते."

मला वाटलं होतं, ते ओळखतील. ज्या माणसाबरोबर मी आत्ताच मागच्या दारी हसले होते, तो ओळखेल. पण नानांचे खांदे खाली आले, त्यांनी मोठा श्वास सोडला आणि टोपी परत डोक्यावर घातली. त्यांनी विश्वास ठेवला. दमलेला माणूस कशावरही विश्वास ठेवतो. त्यांची सुटका झाली, हे मला इतकं स्पष्ट दिसलं की मी ट्रे खाली ठेवून दिला.

सासरे म्हणाले, "अहो, मग मागणं कसलं ते सांगा ना."

"काही नही व्याही," नाना म्हणाले. "पोरले दिवाळीले धाडी द्या, एवढंच."

सगळे हसले. धाडू की, त्यात काय मागायचं, सासरे म्हणाले. आणि मग जे म्हणाले ते मी विसरू शकत नाही. "आम्ही तर म्हणत होतो, शिकायचं तर शिकू दे. पण हिचंच मन नसेल तर आपण जबरदस्ती कशाला करायची?"

ते खरं बोलत होते का, त्या दिवशी खरंच हो म्हणाले असते का, मला माहीत नाही. विचारायची सोय मी ठेवली नव्हती.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. जळगावात लॅबा निघाल्या, बाटल्यांतून केळी आली, आमच्या वावरातही तीच लागली. मी धुळ्यात मुलांच्या शिकवण्या घेतल्या, मुलं वाढवली, बरी राहिले. दिवाळीत माहेरी गेले की ओट्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, निंबा नाना, तुमची कोकिळा एवढी हुशार, मग पुढे शिकली का नाही? नाना आता खूप म्हातारे झालेत, कानानं कमी ऐकतात, पण हा प्रश्न त्यांना पहिल्या वेळी ऐकू येतो.

"आम्ही बठ्ठा तयार व्हतूत," ते सांगतात. "मी तं व्याहीना घर लगून गयथू. तिलेच नको व्हतं."

असं म्हणून ते माझ्याकडे बघतात. माय आत असली तर ती त्या वेळी भांडी जरा जोरात ठेवते, तिनं ते कधी मानलं नाही. नाना मात्र बघत राहतात, मी काय म्हणते याची वाट बघत, आणि त्यांच्या डोळ्यांत अजून थोडी भीती असते.

"हो," मी म्हणते. "मलाच नको होतं."